गोळी नदीच्या कोणत्या काठावर पडली?

म्यानमार सीमेवर काही घडलं की पुण्यात ते आधी मोबाईलवर पोचतं. वीस-तीस सेकंदांचा व्हिडिओ, मागे स्फोटाचा आवाज, कुणीतरी मिझोत किंवा बर्मीत ओरडतंय आणि खाली मराठीत एक ओळ: 'म्यानमारने भारतावर बाँब टाकले.' अशा घटनांची मराठीत नीट नोंद ठेवायचं काम आम्ही काहीजण सदाशिव पेठेतल्या एका खोलीत बसून करतो. एक नोंद पक्की व्हायला कधी दोन दिवस लागतात, कधी पाच महिने. ती कशी होते आणि कुठे फसते, ते इथे लिहितोय. आणखी कुणाला हे काम करायचं असेल तर आमच्या चुका त्यांनी पुन्हा करायला नकोत.

पार्श्वभूमी थोडक्यात. १ फेब्रुवारी २०२१ ला म्यानमारमध्ये लष्करानं सत्ता बळकावली आणि नंतर पेटलेल्या यादवीची झळ आपल्या चार राज्यांना लागली. सीमा एकूण १६४३ किलोमीटर. अरुणाचल प्रदेश ५२०, नागालँड २१५, मणिपूर ३९८, मिझोराम ५१०. पहारा आसाम रायफल्सचा. दोन्हीकडच्या रहिवाशांना सोळा किलोमीटर आतपर्यंत ये-जा करायची मुभा होती, ती २०२४ मध्ये आवळून दहा किलोमीटर आणि पासावर आली. ही मुभा ठाऊक नसेल तर बाजाराला आलेला माणूसही बातमीत 'घुसखोर' होऊन बसतो.

नोंदीचा पहिला शत्रू शुद्धलेखन आहे, हे ऐकून नवखी मंडळी चमकतात. मिझोरामला लागून म्यानमारचं जे राज्य आहे ते 'चिन', ऱ्हस्व. एक वेलांटी चुकली की ते 'चीन' होतं आणि 'चिन बंडखोरांनी चौकी घेतली' याचं 'चीनच्या बंडखोरांनी' व्हायला एक फॉरवर्ड पुरतो. मणिपूरच्या सीमेवरचं गाव मराठीत 'मोरे' असं छापतात आणि वाचणाऱ्याला ते आडनाव वाटतं, म्हणून आम्ही 'मोरेह' लिहितो. मराठी माणसाची ब्रह्मदेशाशी ओळख मंडालेच्या तुरुंगापाशी सुरू होते, रत्नागिरीच्या थिबा राजवाड्यापाशी थोडी वाढते आणि बहुतेकदा तिथेच थांबते. चिन टेकड्यांतल्या गावांना मराठीत रुळलेली नावंच नाहीत. ती आपल्यालाच ठरवावी लागतात आणि एकदा ठरवली की पाळावी लागतात.

त्यासाठी एक नाव-वही आहे. प्रत्येक गावापुढे चार रकाने: मिझो किंवा चिन नाव, बर्मी लिपीतलं नाव, इंग्रजी बातम्यांत दिसणारी सगळी रूपं आणि आमचं मराठी रूप. सीमेपलीकडच्या रिखॉदारचीच इंग्रजीत तीन-चार रूपं सापडतात. नावांचे तुकडे ओळखायला शिकलं की निम्मं काम सोपं होतं. बर्मीत 'युवा' म्हणजे गाव, 'म्यो' म्हणजे शहर, 'तौंग' डोंगर, 'चौंग' ओढा. मिझोत 'त्लांग' डोंगर, 'लुई' नदी. 'युवाथित' म्हणजे नवं गाव. या नावाची गावं म्यानमारभर आहेत, तेव्हा नुसतं 'युवाथितवर हल्ला' वाचून नकाशावर टाचणी टोचायची नाही. तालुका कोणता ते आधी पाहायचं.

बर्मी मजकुराची आणखी एक खोड आहे. जुन्या फोनवर लिहिलेला मजकूर अजून 'झॉजी' या जुन्या पद्धतीत सापडतो. डोळ्यांना तो बर्मीच दिसतो, पण भाषांतरयंत्रात टाकला की अर्थहीन खिचडी बाहेर येते. आधी तो युनिकोडमध्ये बदलून घ्यायचा. शिवाय बर्मी शून्य आणि 'व' हे अक्षर दिसायला सारखंच, त्यामुळे लोक एकाच्या जागी दुसरं टाइप करतात. तारीख किंवा आकडा शोधताना काहीच मिळत नसेल तर दोन्ही घालून बघावं.

आता खरा प्रश्न: गोळा पडला तो आपल्याकडे की पलीकडे?

मिझोरामच्या चंफाई जिल्ह्यात झोखॉथार हे आपलं सीमेवरचं गाव. समोर पुलापलीकडे खॉमॉई आणि तिला लागून रिखॉदार. मधे तियाऊ नदी. पावसाळ्यात ती गढूळ होऊन जोरात धावते, उन्हाळ्यात लोक ती पायी ओलांडतात. दोन्ही काठांवर तीच लाकडी घरं, तेच पत्रे, तीच माणसं. कित्येकदा एकाच कुटुंबाची अर्धी माणसं अलीकडे आणि अर्धी पलीकडे. घरं बघून काठ ओळखायला जाल तर फसाल. नकाशावरची रेघही कामाची नाही. वेगवेगळ्या ऑनलाइन नकाशांवर ती एकमेकींपासून सरकलेली असते, कुठे नदीच्या मधोमध तर कुठे चक्क टेकडीवर. एवढ्या अरुंद नदीवर शंभर मीटरची चूक म्हणजे देश बदलला.

आम्ही पाण्याला विचारतो. तियाऊ इथे दक्षिणेकडे वाहते. वाहत्या पाण्याच्या दिशेनं तोंड केलं की उजवा काठ भारत, डावा म्यानमार. नदी कितीही वळणं घेवो, वळणावर भारत क्षणभर पूर्वेला जावो, उजवा काठ उजवाच राहतो. म्हणून पूर्व-पश्चिम धरून बसण्यापेक्षा हे भरवशाचं. व्हिडिओत वापरायचं ते असं: चित्रण करणारा काठावर उभा राहून नदीकडे बघतोय आणि पाणी त्याच्या डावीकडून उजवीकडे चाललंय, तर तो उजव्या काठावर आहे, म्हणजे भारतात, आणि समोर उठलेला धूर म्यानमारमधला. पाणी उजवीकडून डावीकडे चाललं असेल तर कॅमेरा पलीकडे आहे आणि समोर दिसतंय ते आपलं.

यात चुका तीन प्रकारे होतात. कडेच्या डोहात पाणी उलटं फिरतं, म्हणून प्रवाहाच्या मध्याकडे बघायचं, एखादी फांदी किंवा फेस धरून. उन्हाळ्यात प्रवाह इतका मंद असतो की वीस सेकंदांत काही कळत नाही. तेव्हा दगडांमागे गाळाची शेपटी कुठे लांबलीय ते पाहायचं, शेपटी नेहमी खालच्या अंगाला असते. तिसरी चूक सगळ्यात घातक. पुन्हा टाकताना कुणीतरी व्हिडिओ आरशासारखा उलटवलेला असतो. अशा वेळी दोन्ही देश जागच्या जागी बदलतात. एखादी पाटी, शर्टावरची अक्षरं, गाडीचा नंबर यांतलं काहीतरी सरळ वाचता आलंच पाहिजे. तसं काहीच नसेल तर निव्वळ पाण्यावर निकाल द्यायचा नाही.

नव्या माणसाला ही सवय मुठेवर लावतो. लकडी पुलाच्या आसपास काढलेले वीस फोटो द्यायचे, नाव-गाव न सांगता, आणि विचारायचं की कॅमेरा डेक्कनच्या काठावर होता की नारायण पेठेच्या. डेक्कन डावा काठ, पेठ उजवा. रोज तिथून जाणारेही सुरुवातीला चुकतात. पाच-सहा वेळा चुकल्यावर डोळा बसतो.

मणिपूरकडे मोरेह आणि पलीकडचं म्यानमारमधलं तामू यांच्यामध्ये असा मदतीला येणारा प्रवाह नाही. तिथे सीमास्तंभ शोधावे लागतात. स्तंभाचा क्रमांक फोटोत वाचता आला तर उत्तमच, नाहीतर दोन्ही बाजूंची दारं आणि रस्त्याची वळणं यांच्यावरून जागा बसवायची.

जागेनंतर वेळ. म्यानमारचं घड्याळ आपल्यापेक्षा एक तास पुढे. पण सीमेलगतच्या चिन गावांत भारतीय सिमकार्ड चालतात आणि असा फोन भारतीय वेळ दाखवतो. त्यामुळे 'पहाटे पाचला गोळीबार' हे पाच कुणाचे, हे ठरवल्याशिवाय रकाना भरत नाही. व्हॉट्सॲपवरून आलेल्या व्हिडिओत मूळ वेळेची माहिती उरत नाही, ती निघून जाते. फेसबुकवर म्यानमारमध्ये फेब्रुवारी २०२१ पासून बंदी आहे. लोक आडमार्गानं ते वापरतात, पण नेट मिळेल तेव्हा, म्हणून टाकल्याची वेळ आणि घडल्याची वेळ यांत कित्येक तास जाऊ शकतात. आमच्या तक्त्यात वेळेचे तीन रकाने आहेत: सांगितलेली वेळ, भारतीय वेळ, आणि सावलीवरून काढलेली वेळ.

सावलीचं गणित जरा जवळून बघू, कारण यात पुण्याचा माणूस हमखास चुकतो. १२ नोव्हेंबर २०२३ च्या संध्याकाळी, पुण्यात लक्ष्मीपूजनाचे फटाके वाजत होते तेव्हा, रिखॉदार आणि खॉमॉईच्या लष्करी तळांवर चिन गटांनी हल्ला सुरू केला आणि १३ तारखेला दोन्ही तळ पडले. १३ नोव्हेंबरला झोखॉथारला सूर्य माथ्यावर येतो तो आपल्या घड्याळात सकाळी ११ वाजून १ मिनिटाच्या सुमारास. पुण्यात त्याच दिवशी १२ वाजून १९ मिनिटांनी. रेखांशात साडेएकोणीस अंशांचा फरक, अंशाला चार मिनिटं, म्हणून अठ्ठ्याहत्तर मिनिटं. सूर्यास्त तिथे साडेचारला, इथे सहाच्या टेकाला. तेव्हा 'संध्याकाळी पाच'चा म्हणून आलेल्या व्हिडिओत लख्ख ऊन असेल तर तो त्या दिवशीचा त्या जागेचा नाही, किंवा वेळ तरी चुकीची आहे. हे गणित करायला सेकंद लागत नाही, आणि जुन्या व्हिडिओंचा मोठा गठ्ठा तिथेच बाद होतो.

त्या दिवशी मध्यान्हीला तिथे सूर्य क्षितिजापासून साधारण साडेअठ्ठेचाळीस अंशांवर असतो, म्हणजे एक मीटर उंच खांबाची सावली सुमारे ८८ सेंटिमीटर आणि नेमकी उत्तरेकडे. व्हिडिओत उभा खांब आणि सपाट जमीन दोन्ही हवेत. झोखॉथार उतारावर वसलंय आणि उतारावर सावली लांबते-आखडते, म्हणून लांबीपेक्षा दिशेवर भर द्यायचा. दिशा पुलाच्या किंवा लांब भिंतीच्या रेषेशी जुळवून घ्यायची, कारण पूल उपग्रहचित्रात दिसतो आणि त्याचा कोन मोजता येतो.

आवाजावरून अंतरही काढता येतं. धुराचा पहिला पुंजका दिसल्यापासून धमाका ऐकू येईपर्यंत किती चित्रं (फ्रेम) गेली ते मोजायचं. सेकंदाला ३० चित्रं असतील आणि मधे ८७ गेली तर २.९ सेकंद. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला तर जवळजवळ एक किलोमीटर. दरीत प्रतिध्वनी उठतो, त्यामुळे पहिलाच आवाज धरायचा. फोनचा चित्रवेग कमी-जास्त होतो, म्हणून दहा टक्के इकडे-तिकडे गृहीत धरायचं. तुकडे जोडलेल्या व्हिडिओवर हा प्रयोग करायचाच नाही. हे अंतर शस्त्राशी ताडून बघतो. साठ मिलिमीटरची उखळी तोफ साधारण दोन ते साडेतीन किलोमीटर मारते, ८१ ची पाचच्या आसपास, १२० ची सातच्या. गोळा आपल्या हद्दीत पडला असेल तर तो किती दुरून आला असेल याचं वर्तुळ यावरून काढता येतं. बंदुकीच्या भटक्या गोळीचं वेगळं. पत्र्याला पडलेलं भोक आणि आतल्या भिंतीतला खड्डा एकाच फोटोत मिळाले तर दोन्ही जोडणारी रेघ बाहेर वाढवायची. गोळी कुठल्या दिशेनं आली ते कळतं. कुणी झाडली ते यातून कधीच कळत नाही.

एक गोष्ट इथे ठासून सांगायला हवी. न फुटलेल्या गोळ्याचा 'जरा जवळून फोटो पाठवा' असं सीमेवरच्या कुणालाही सांगायचं नाही. अंधूक फोटोवर भागवायचं. नोंद अर्धी राहिली तर राहू दे.

उपग्रहांकडून लोक फार अपेक्षा ठेवतात. नासाच्या आगदर्शक नकाशावर जो ठिपका दिसतो तो ३७५ मीटरच्या चौकोनाचा मध्य असतो, आगीची नेमकी जागा नव्हे. शनिवारवाड्यापासून दगडूशेठपर्यंत जेवढं अंतर, जवळपास तेवढा एक चौकोन. त्यात अख्खी तियाऊ आणि तिचे दोन्ही काठ बसतात. म्हणजे नदीकाठच्या ठिपक्यावरून देश ठरत नाही. शिवाय हे उपग्रह सूर्याच्या स्थानिक वेळेनुसार दुपारी आणि रात्री दीडच्या आसपास जातात. नोव्हेंबरात झोखॉथारला ते आपल्या घड्याळात साडेबारा होतात. सकाळी आठला लागून दहाला विझलेली आग त्यांना दिसतच नाही. मार्च-एप्रिलमध्ये तर हा नकाशा जवळपास निरुपयोगी, कारण तेव्हा डोंगरभर झूम शेतीसाठी रान जाळतात आणि सगळा चिन-मिझो पट्टा ठिपक्यांनी भरून जातो. नोव्हेंबरातला ठिपका मात्र गांभीर्यानं घ्यावा.

युरोपच्या सेंटिनेल-२ ची चित्रं फुकट मिळतात, दहा मीटरचा एक ठिपका. जळालेली घरांची ओळ त्यात कळते, एकटं घर जेमतेम, उखळी तोफेच्या गोळ्याचा खड्डा अजिबात नाही. आधीचं आणि नंतरचं चित्र एकाच हंगामातलं घ्यायचं, नाहीतर वाळलेलं गवतही जळाल्यासारखं दिसतं. जागा पटकन सापडायला रिखॉदारजवळचं रिह दिल तळं उपयोगी पडतं. त्याचा हृदयासारखा आकार चुकत नाही. मिझो लोक ते पवित्र मानतात. पावसाळ्यात मात्र ढग. मे ते ऑक्टोबर वाट बघण्यावाचून इलाज नसतो.

आता माणसं. कोण काय म्हणतंय आणि कशासाठी, याचा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. लष्करी राजवट आपले तळ पडल्याचं सहसा उशिरा मान्य करते. बंडखोर गट तळ घेतल्याचं लगेच सांगतात, पण शत्रूचे मृत वाढवून सांगतात. झोखॉथारच्या ग्रामपरिषदेचे आणि यंग मिझो असोसिएशनचे आकडे निर्वासितांबाबत चांगले असतात, कारण जेवणाची आणि निवाऱ्याची सोय त्यांनाच करायची असते. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुमारे पाच हजार माणसं नदी ओलांडून आली. म्यानमारचे सैनिकही शस्त्रं टाकून मिझोराममध्ये आले. पहिल्या दिवशीच्या बातम्यांत त्यांचा आकडा ३९ होता, नंतर तो चाळिशीच्या वर गेला. त्यांना हवाई मार्गानं मोरेहला नेऊन तामूच्या बाजूनं परत पाठवलं गेलं. इथे कुणी खोटं बोललं नव्हतं. माणसं टप्प्याटप्प्यानं येत होती. म्हणून आमच्याकडे आकड्याशेजारी तो कोणत्या दिवशीचा, हे लिहिल्याशिवाय आकडा लिहीत नाहीत.

'लष्कर विरुद्ध बंडखोर' एवढे दोनच रकाने ठेवले तर जुलै २०२५ ची नोंद करताच येत नाही. तेव्हा त्याच खॉमॉई-रिखॉदार पट्ट्यात लढले ते दोन चिन गट, दोघेही लष्करी राजवटीच्या विरोधातले. एक सीएनडीएफ (चिन नॅशनल डिफेन्स फोर्स), दुसरा सीडीएफ (चिनलँड डिफेन्स फोर्स) हुआलन्गोराम. सुमारे चार हजार माणसं पुन्हा त्याच पुलावरून झोखॉथारला आली. मे २०२५ मध्ये मणिपूरच्या चंदेल जिल्ह्यात सीमेजवळ दहाजण मारले गेले. संख्या दोन्ही बाजू तीच सांगतात. भारतीय लष्कर त्याला चकमक म्हणतं, म्यानमारचं लष्करविरोधी राष्ट्रीय एकता सरकार ते मानत नाही. अशा ठिकाणी नोंदीत दोन्ही विधानं शेजारी-शेजारी राहतात, पूर्ण, कुठलंही न कापता. 'दावा' हा शब्द एकाला लावायचा आणि दुसऱ्याला नाही, असं चालत नाही. लावला तर दोघांनाही.

आणि जानेवारी २०२३. ही नोंद आम्ही नव्या माणसाला सगळ्यात शेवटी देतो. १० आणि ११ जानेवारीला म्यानमारच्या विमानांनी चिन नॅशनल फ्रंट या सशस्त्र चिन गटाच्या कॅम्प व्हिक्टोरिया या मुख्यालयावर बाँब टाकले. तळ नदीला इतका लागून आहे की अलीकडच्या फारकॉन गावच्या लोकांनी बाँब भारताच्या हद्दीत पडल्याचं सांगितलं. परराष्ट्र मंत्रालयानं हवाई हद्दीचा भंग झाल्याचं नाकारलं, पण फारकॉनजवळ तियाऊच्या पात्रात एक बाँब पडल्याचं मान्य करून म्यानमारकडे तो विषय काढल्याचं सांगितलं. डावा काठ नाही, उजवाही नाही, पात्र. विमान हद्दीत न येताही बाँब हद्दीपर्यंत पोचू शकतो, कारण सोडलेला बाँब विमानाच्या वेगानं पुढे जातच राहतो. तेव्हा 'विमान आलं का' आणि 'बाँब पडला का' हे दोन प्रश्न, दोन रकाने. मराठी बातम्यांत ते बहुतेक ठिकाणी एकात मिसळले होते, आणि त्यामुळे एकाचं 'नाही' दुसऱ्यालाही लागू झालं. रानात, वाळूत काम करणारे फारकॉनचे लोक उगाच खोटे ठरले. हे आम्हाला फार लागतं.

काय छापायचं नाही तेही ठरलेलं आहे. निर्वासितांच्या छावणीची नेमकी जागा नाही, चेहरे नाहीत, सैन्याच्या चालू हालचाली नाहीत. कुठलीही नोंद तीन दिवसांच्या आत बाहेर जात नाही. नकाशा देताना देशाची सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच दाखवायची, तो कायदाच आहे. पुण्यात शिकणारी मिझो आणि मणिपुरी मुलं उच्चार आणि भाषेसाठी खूप मदत करतात. त्यांना घरच्यांची खबर विचारायची ती माणूस म्हणून. ती नोंदीत येत नाही.

नोंद बंद करायची ती शाईनं नाही, पेन्सिलनं. प्रत्येकीच्या शेवटी एक ओळ असते: पुन्हा कधी बघायचं. पावसाळ्यातल्या नोंदींपुढे तिथे 'नोव्हेंबर' लिहिलेलं असतं. दिवाळीनंतर ढग हटतात, पहिलं स्वच्छ चित्र येतं, रिह दिलच्या काठावरून आम्ही नदीपर्यंत येतो आणि पुलापासून एकेक पत्रा मोजायला लागतो.